धनराज सरायच्या घरचं डिनर

...नाई, मले आधी एक सांगा, शब्दानं पोट भरते का? भरते का? तुम्हीच सांगा! बावीस वर्षं झाले मी शाळेत खिचडी शिजवून राह्यली, एकशेचाळीस पोट्टे रोज माह्या हातचं खातेत, पण आजवर एकाही पोट्ट्यानं विचारलं नाई, का मनकर्णाबाई, हा खिचडी शब्द कुठून आला? कुठून आला! चुलीवरच्या गंजातून आला, थाळीत पडला, पोटात गेला. संपली गोठ! दीड वाजता घंटी होते, एक चाळीसले थाळ्या धुवाले येतेत. याले म्हणतेत जेवण. अन् परवाच्या रविवारी मी जे गडचिरोलीले जेवाले गेली ना... गेली बारा वाजता अन् जेवली... थांबा, सांगते. बसा जराक. अन् कोणाले भूक लागली असन तं आधी खाऊन घ्या बापा, मी त्या घरच्यासारखी नाई.

तं असं झालं, माही रिना गडचिरोलीले नर्स आहे. तिथीच एका लॅबमधी राजदीप म्हणून पोरगा आहे, त्याच्यासंग तिचं जमलं. आता जमलं तं जमलं, आमचं काई म्हणणं नाई. पोरगा चांगला, आपल्यातलाच, जय भीम म्हणून पाया पडला, खाली मान घालून बोलते. पण त्याचा बाप! धनराज सर. पस्तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं अन् रिटायर झाले. म्हणजे कॉलेजातून रिटायर झाले, बोलण्यातून नाई झाले. त्यायचा मले फोन आला. ‘मनकर्णाताई, येत्या रविवारी दुपारी बारा वाजता आमच्याकडे डिनरला या.’ मी म्हटलं, सर, डिनर तं रातचं रायते ना जी? टीव्हीत तं दिवे लावूनच खातेत. तं ते फोनवर असे हासले, जसं काई मी परीक्षेत नापास झाली. ‘हाच तर सार्वत्रिक गैरसमज आहे! या तुम्ही, मग सविस्तर सांगतो.’

सविस्तर! तवाच मले समजाले पायजे होतं.

रिना आदल्या दिवशी घरी आली अन् आमची दोघायची शाळा घेतली. आमचे हे, म्हणजे लटारू... आता नाव घेतलं तं काई होत नाई, तीस वर्षं झाले लगनाले... त्याले म्हणे, ‘बाबा, ढेकर देजा नका. बनियन फाटकी घालजा नका. अन् सर बोलत असले ना, तं मधात तोंड घालजा नका, घड्याळाकडं पाहजा नका.’ लटारू म्हणते, ‘घड्याळ आहेच कुठी माह्याजवळ?’ तं पोरगी रडकुंडीले आली. म्हणे, ‘बाबा, मजाक नोको करू. मागच्या साली वडशाचे पाहुणे आले होते राजदीपसाठी. सर बोलून राह्यले अन् त्याइनं घड्याळ पाह्यलं. सोयरीक तिथीच मोडली.’ अन् मंग माह्याकडं पाहून म्हणे, ‘आई, तू तं बोलूच नोको. हात जोडते तुह्यापुढं. मले दुसऱ्या कोणासंग लगन नाई कराचं.’ आता पोरीनं असे डोळे भरून म्हटल्यावर माय काय करन? मी म्हटलं, जाय, माह्या तोंडाले कुलूप. एक दिवस गप रायल्यानं पोरीचं जमत असन तं मी मुकी होऊन बसते, काय जाते माहं!

अन् मंग आम्ही काय मूर्खपणा केला, तुम्हाले सांगते. रविवारी सकाळी आम्ही काईच खाल्लं नाई! आता इतक्या मोठ्या घरी जेवाले चाललो, डिनरले चाललो, पोटात जागा पायजे का नाई? शिळा भात होता गंजभर, त्याच्यावर मी जवसाची चटणी टाकून रोज खाते, तो सगळा भात मी कोंबड्यायले टाकला. माह्या या हातानं! पायलीभर नवे तांदूळ बांधून घेतले, रिकाम्या हातानं विहिणीच्या दारात कसं जावं, अन् आठच्या एसटीत बसलो. मूल गावच्या बसस्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. खाली आलूबोंडे निघून राह्यले, गरम, कढईतून काढले का थेट कागदावर. लटारू खिडकीतून पाहून राह्यला. म्हणे, ‘दोन घेऊ का?’ मी म्हटलं, लाज नाई वाटत? तिथी डिनर आहे!  गाडी सुटली तरी तो बिचारा वळून वळून पाहे त्या कढईकडं.

ते आलूबोंडे मी मरेपर्यंत नाई विसरत.

पोचलो बरोबर बारा वाजता. घर मोठं, अंगणात तुळतुळीत फरशी, भिंतीवर बाबासाहेबाचा अन् बुद्धाचा फोटो, अन् बाकी तिन्ही भिंतीयले पुस्तकंच पुस्तकं. पण मले काई दिसे ना. मले फक्त वास येऊन राह्यला. गावरानी कोंबड्याच्या रश्श्याचा! सैपाकखोलीतून असा येऊन राह्यला ना, का माह्या तोंडाले पाणी सुटलं. राजदीपची आई दारात आली, गोरी गोमटी, हसरी बाई. पाणी देलं. अन् सरायनं विचारलं, ‘मग? जेवायला बसू या ना?’

आता तुम्हाले सांगाची गरज आहे का, आपल्या झाडीपट्टीत पहिल्या बारीले कोणी हाव, जेवतो म्हणते का? म्हणते का कोणी? सोयऱ्याच्या घरी पहिल्यांदा गेलं, त्यानं जेवा म्हटलं, का आपण म्हणाचं, नाई जी, जेवूनच निघालो. त्यानं म्हणाचं, असं कसं, दोन घास तरी. आपण म्हणाचं, आता भूकच नाई पाहा. मंग त्यानं हात धरून ओढाचं, तवा आपण कुथत कुथत उठाचं अन् चार परात भात खाचा. ही रीत आहे! माह्या आज्यापासून चालून राह्यली! पोटात कावळे मेले तरी तीनदा विचारल्याशिवाय पाटावर बसणारा मानूस आपल्याकडं भुक्कड म्हणवते. तं लटारूनं रीतीप्रमाणं हात जोडले अन् म्हटलं, ‘नाई जी, आम्ही जेवूनच निघालो.’

अन् सर म्हणतेत, ‘वा! उत्तम! मग काही घाई नाही.’ अन् आत आवाज देऊन, ‘अगं, गॅस बंद कर. पाहुणे जेवून आलेत. आम्ही निवांत बोलतो!’

अरे बापा! दुसऱ्यांदा विचारलंच नाई! मी लटारूकडं पाह्यलं, लटारूनं माह्याकडं पाह्यलं. रिना खाली मान घालून बसली. त्या मानसानं पस्तीस वर्षं शब्दाचा अर्थ लावला, पण ‘जेवून आलो’ म्हणजे ‘उपाशी आहो’ हे त्याले नाई समजलं! अन् मंग सर खुर्ची पुढं ओढून बसले. टीपॉयवर असं जाड बाड उघडलं. ‘तर लटारूभाऊ, डिनर या शब्दाचा मूळ अर्थ काय? विचार करा.’ लटारू काय विचार करन? तो कोंबड्याचा विचार करून राह्यला.

‘उपवास सोडणे!’ सर ओरडले. ‘लॅटिनमध्ये उपाशी या अर्थाचा एक शब्द, त्याच्याआधी सोडणे या अर्थाचा उपसर्ग. तो फ्रेंचांकडे गेला, झिजला, इंग्रजांकडे आला, आणि झाला डिनर! म्हणजे रात्रीची उपाशी माणसं सकाळी उठून पहिल्यांदा जे खात, ते डिनर.’

सकाळी! तुम्ही ऐकून राह्यले ना? म्हणजे मी रोज सकाळी भिंतीले टेकून जवसाच्या चटणीसंग जो शिळा भात खाते, तो डिनर! अन् त्या रविवारी तेच डिनर मी कोंबड्यायले टाकून आली होती! इंग्रजायच्या कोंबड्यायनं बी असं डिनर नाई खाल्लं असन. मी बोलणारच होती, पण रिनानं पायानं माह्या पायाले दाबलं. तोंडाले कुलूप.

एक वाजला. सर सांगून राह्यले, पहिले राजे-सरदार सकाळीच डिनर करत, मंग ते सरकलं, दुपारी आलं. ‘चारेकशे वर्षांपूर्वी इंग्रज लोक अकरा-बारा वाजता डिनर करत, म्हणून मी तुम्हाला बाराला बोलावलं. शब्दाचा मान!’ शब्दाचा मान ठेवला, पाहुण्याच्या पोटाचा नाई ठेवला. दीड वाजले. आता तुम्हाले माहीत आहे, दीड वाजता माह्या आंगात घंटी वाजते. बावीस वर्षायची सवय. हात आपोआप पळी शोधतेत. मी खुर्चीचा दांडा धरून बसली. राजदीप मधात मधात येऊन मले विचारे, ‘आई, पाणी देऊ?’ देय बापा. दर तासाले पाणी. पाच वाजेपर्यंत सहा गिलास झाले. लटारूनं तं गिलास चावून पाह्यला, खरं सांगते.

तीन वाजता सरायचं डिनर अजून सरकलं. ‘मग मोठे लोक उशिरा उठू लागले, कचेऱ्या आल्या, दिवे स्वस्त झाले, डिनर तीनला गेलं, मग पाचला, मग आठला! आणि मधे जी पोकळी पडली तिथं लंच घुसला!’ माह्या पोटात जी पोकळी पडली तिथी काय घुसलं होतं, हे मी सांगत नाई. अन् तुम्ही पाहून राह्यले ना गंमत? त्यायचा शब्द जसा जसा सरकून राह्यला, तसं तसं आमचं जेवण सरकून राह्यलं! शब्द तीनले तं आम्ही तीनले उपाशी. शब्द पाचले तं आम्ही बी पाचले उपाशी. शब्दानं पोट भरते का? भरत असतं तं मी बारा वाजताच ढेकर देला असता!

अन् त्यात आमची रिना! मले म्हणे तोंडाले कुलूप, अन् सोता सासऱ्याले खुश कराले काय म्हणते? ‘सर, आतड्याचा एक भाग आहे, जेजुनम. तो बी याच शब्दावरून का?’ सर खुर्चीतून उठलेच! ‘शाब्बास! अगदी तोच शब्द! जुने वैद्य प्रेत कापत, तेव्हा तो आतड्याचा भाग त्यांना नेहमी रिकामा सापडे, म्हणून त्याचं नाव उपाशी आतडं!’ अन् झालं, सर आणखी अर्धा तास त्या मेलेल्या मानसाच्या आतड्यात शिरले. लटारूनं हळूच सोताच्या पोटावर हात ठेवला. मले कानात म्हणते, ‘आपलं कापलं तं पाणी निघन.’

मले नाई रायवलं. मी म्हटलं, जराक पाणी पेऊन येते. सातवा गिलास! अन् उठून सरळ सैपाकखोलीत. अन् तिथी जाऊन पाहते तं काय... राजदीपची आई फ्रिजच्या मागं उभी राहून पातेल्यातून भात खाऊन राह्यली! कोंबड्याचा रस्सा ओतून! हातानं! मी दारात, ती तिथी, दोघी एकमेकीकडं पाहून थिजलो. तिच्या तोंडात घास. गिळला तिनं. अन् म्हणते, ‘बाई, कोणाले सांगू नोका. पस्तीस वर्षं झाले, मी जेवणाच्या आधी जेवून घेते. त्याच्याशिवाय या घरात मानूस जगत नाई.’ अन् एक प्लेट माह्यापुढं केली. तुम्हाले खरं सांगते, माह्या डोळ्यात पाणी आलं. तीनदा विचारणं गेलं उडत! पहिल्याच बारीले मी हाव म्हटलं. उभ्या उभ्या खाल्लं, ओट्याले टेकून, दोन प्लेटा, रस्सा पेला, हाडकं चोखली.

अन् खाता खाता मी विचारलं, विहीणबाई, ते वडशाचे पाहुणे... सरायनं नकार देला म्हणे? तं ती बाई हासता हासता थांबली. अन् मंग डोळे पुसाले लागली. म्हणे, ‘आमच्याकडून कायचा नकार, बाई? तेच पळाले! अडीच वाजता पाणी पेतो म्हणून उठले ते एसटीतच बसले. त्याच्या आधी चिमूरचे पळाले. राजदीप बत्तीस वर्षायचा झाला. पोरगा हिरा आहे पण या घरातून सोयरे जेवणाच्या आधीच उठून जातेत. अन् तुमची रिना त्याले लय आवडली...’ अन् माहा रश्श्याचा हात धरून म्हणते, ‘तुम्ही नाई पळणार ना?’

आता पाहा! मी तिकडं घाबरून बसली, का आपल्याकडून काई चुकलं तं पोरीचं मोडन. अन् ही माय इकडं घाबरून बसली, का हे बी पळून गेले तं पोराचं मोडन! दोघी माया, एक सैपाकखोली, अन् मधात ते डिनर! मी म्हटलं, बाई, मी एकशेचाळीस पोट्टे सांभाळते. एका मास्तराले भेत नाई. चला बाहेर.

बाहेर आलो तं साडेपाच वाजले होते, अन् नेमकं तवाच लटारूचं डोकं हळूहळू खाली, खाली, खाली... अन् धाडकन टीपॉयवर! गिलास पडला, पाणी सांडलं, सरायच्या बाडावर!  सर थांबले. पहिल्यांदा थांबले! चष्मा काढला. ‘मी... मी फार कंटाळवाणं बोलतो का, लटारूभाऊ?’ लटारू बाहीनं बाड पुसाले लागला. रिनाचं तोंड पांढरंफटक, राजदीपनं डोळे मिटले. विहिणीनं मागून माहा पदर धरला. मले वाटलं, गेलं. आता सर उठतीन, आत जातीन, अन् पोरगी माही आयुष्यभर मले बोल लावन. अन् मंग मले काय झालं का माहीत, मीच कुलूप तोडलं.

मी म्हटलं, सर, एक प्रश्न विचारू का जी?

‘विचारा...’

मी म्हटलं, तुम्ही सकाळधरून सांगून राह्यले, का डिनर म्हणजे उपास सोडणे. मंग ज्याचा उपास सुटलाच नाई, त्याले डिनर समजन कसं? आमचा मानूस सकाळपासून उपाशी आहे. जेवून आलो म्हटलं ते रीतीनं म्हटलं, आपल्याकडं तसंच म्हणतेत. आता हा शब्द तुम्ही आम्हाले शिकवला, तं खरा करून दाखवा ना एक डाव!

 सर माह्याकडं पाहून राह्यले. अन् पाहता पाहता हातातला चष्मा पुसाले लागले, तुम्हाले खोटं वाटन. म्हणतेत, ‘पस्तीस वर्षं शिकवलं मी. एकाही विद्यार्थ्यानं मला प्रश्न विचारला नाही. एकानंही नाही. सगळे फक्त घंटेची वाट पाहत.’ अन् मंग विहिणीकडं वळून जोरात म्हणतेत, ‘अगं, पानं वाढ! आणि तारीख काढा! मला हीच विहीण पाहिजे!’

रिना रडली, राजदीप हासला, विहीण पळतच आत गेली. अन् लटारूनं मान वळवून माह्याकडं पाह्यलं, कौतुकानं पाहाले गेला... अन् थांबला. माह्या हनुवटीवर भाताचं शीत होतं. रश्श्याचं.

चार दिवस झाले. तो मानूस माह्याशी बोलला नाई! काल रातीच फक्त म्हणे, ‘तीस वर्षायचा संसार... अन् कोंबड्याची एक फोड बी आणली नाई.’ आता काय सांगू त्याले? म्हटलं, पोरीच्या भल्यासाठी खाल्लं! पटत नाई त्याले.

अन् जेवलो का म्हणता त्या दिवशी? बसलो ना पानावर. दिवे लागाच्या टायमाले, भात वाढला, लटारूनं पहिला घास उचलला, अन् सरायची नजर गेली मी नेलेल्या तांदळावर. म्हणतेत, ‘राइस! बसा बसा, हात थांबवा जरा... हा शब्द फार लांबून आलाय, विद्वानांत यावर अजून भांडण आहे...’ लटारूनं मात्र आता कोणाचं ऐकलं नाई. भांडण विद्वानायचं, भात आपला. त्यानं खाली मान घातली ते तिसऱ्या परातीलेच वर केली.

तं गोठ अशी, का लगन पक्कं झालं. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेले, गडचिरोलीले. त्यासाठीच तं तुम्हाले पत्रिका द्याले आली. हे घ्या. हे पाहा, खाली काय छापलं... ‘स्नेहभोजनापूर्वी वराचे वडील भोजन या विषयावर दोन शब्द बोलतील.’ दोन शब्द! मी अन् विहिणीनं लय समजावलं, नाई ऐकलं. मंडपाच्या मागं आम्ही दोघी एक गंज वेगळा लपवून ठेवणार आहो, पण तो लटारूपुरता आहे, घरात शांतता पायजे म्हणून.

तुम्ही मातर नक्की या. लेकराबाळायसकट या. पण घरून जेवून या. अन् सरायनं विचारलं, जेवणार ना, तं हात जोडून म्हणा, नाई जी, जेवूनच निघालो... आपल्या झाडीत आयुष्यात एक डाव तं हे खरं बोला!